घुमटाच्या पोटाची गिटार आणि तिची तब्येत

मुलांना गिटारचे चित्र काढायला सांगितले तर बहुतेक मुले इंग्रजी आठच्या आकड्यासारखी बाह्यरेषा काढतात आणि तिच्या मधोमध एक गोल भोक. पोट सपाट असते हे कुणी सांगावे लागत नाही, कारण कागदही सपाटच असतो. पण गिटारचा एक प्रकार असा आहे की ज्याचे पोट सपाट नसते. ते व्हायोलिनसारखे मध्यभागी फुगीर असते, गोल भोकाऐवजी त्याला दोन बाजूंना इंग्रजी एफ अक्षराच्या वळणाच्या दोन फटी असतात, आणि तारा पोटावर अडकवलेल्या नसून घोडीवरून पुढे जाऊन वाद्याच्या बुडाला बांधलेल्या असतात. या प्रकाराला ‘आर्चटॉप’ म्हणजे कमानदार पोटाची गिटार म्हणतात. दुसऱ्या महायुद्धापूर्वी बनलेल्या अशा गिटारी आज संग्राहक जपून ठेवतात. त्यांची किंमत हा आपला विषय नाही. ऐंशी-नव्वद वर्षांच्या अशा वाद्याची तब्येत कशी ओळखायची आणि ती कशाने बिघडते, हा विषय आहे. त्यात शालेय विज्ञानातले इतके काही एकत्र येते की शिक्षकांनी त्याचा उपयोग करून घ्यावा असे आम्हाला वाटते.

अशी गिटार आपल्या शाळेत कुठून असणार, असा प्रश्न येईल. खरे आहे. पण शाळेच्या कपाटात एखादा तंबोरा असतो, कुणाच्या घरी आजोबांचे व्हायोलिन असते, आणि गंमत अशी की पोटावर येणाऱ्या भाराच्या दृष्टीने तंबोरा हा सपाट गिटारपेक्षा या कमानदार गिटारला जवळचा आहे. मिरजेच्या कारागिरांनी घडवलेल्या तंबोऱ्याची तबली डोळ्यांच्या पातळीवर धरून कडेने पाहावी. ती सपाट नसते, तिला हलका फुगवटा असतो. तंबोऱ्याच्या ताराही बुडाशी बांधलेल्या असतात आणि घोडीवरून जाताना तबलीला खाली दाबतात. भोपळा पंढरपूरच्या बाजूचा आणि तबली तून लाकडाची, तर तिकडे पोट स्प्रूसचे आणि पाठ मेपलची. सामान वेगळे, हिशेब तोच.

या गिटारचा उगम अमेरिकेत मिशिगन राज्यातल्या कालामाझू गावी झाला. ऑर्व्हिल गिब्सन हा कारागीर व्हायोलिनच्या धर्तीवर जाड फळी कोरून मेंडोलिनचे आणि गिटारचे पोट घडवू लागला. १८९८ साली त्याला मेंडोलिनच्या रचनेसाठी पेटंट मिळाले. लाकूड वाकवून बसवले तर त्यात ताण राहतो आणि आवाज दबतो, कोरून काढले तर ते मोकळे राहते, अशी त्याची धारणा होती. आपल्या भागातल्या मुलांना हा फरक समजावायला वेरूळ पुरेसे आहे. कैलास लेणे दगडावर दगड रचून उभे केलेले नाही, वरून खाली कोरत नेलेले आहे. नको असलेले काढून टाकले आणि उरले ते मंदिर. गिब्सनचे पोटही तसेच, जाड फळीतले नको ते लाकूड पटाशीने आणि रंध्याने काढून उरलेले. मध्यावर सुमारे सहा मिलिमीटर आणि कडेला तीन-चार मिलिमीटर अशी जाडी ठेवतात.

गिब्सनच्या नावाने १९०२ मध्ये कंपनी निघाली. तिथे काम करणाऱ्या लॉइड लोअर याच्या देखरेखीखाली १९२२ मध्ये ‘एल-५’ ही गिटार बाजारात आली. एफ आकाराच्या फटी गिटारवर रुळल्या त्या तिच्यापासून. त्या काळी विजेवर आवाज मोठा करण्याची सोय गिटारला नव्हती. बँडमध्ये ट्रम्पेट आणि सॅक्सोफोन यांच्या गर्दीत गिटार ऐकू जायची तर ती मोठी हवी, जाड तारांची हवी, आणि त्या तारांचा भार पेलणारी हवी. कमानदार पोट ही त्या गरजेची उपज. १९३४ च्या ‘सुपर ४००’ या गिटारची रुंदी १८ इंच होती, आणि नावातला आकडा तिची डॉलरमधली किंमत सांगत होता. १९३६ मध्ये गिब्सननेच विजेवर चालणारी ‘ईएस-१५०’ काढली. पुढे महायुद्ध आले, धातू आणि कामगार युद्धसामग्रीकडे वळले, आणि युद्धानंतर विजेच्या गिटारचे दिवस सुरू झाले. म्हणून ‘युद्धपूर्व’ या शब्दाला या वाद्याच्या बाबतीत अर्थ आहे. केवळ लाकडाच्या बळावर मोठा आवाज काढण्याचे तंत्र त्या वीस वर्षांत पूर्ण पिकले होते.

आपल्याकडे हे संगीत मुंबईमार्गे आले. १९३५ मध्ये लिऑन ॲबी याचा जॅझ बँड मुंबईच्या ताजमहाल हॉटेलात वाजू लागला, आणि गोव्याच्या वादकांनी हे संगीत उचलून पुढे चित्रपटांच्या वाद्यवृंदापर्यंत नेले. पण कमानदार गिटारचे खरे भारतीय रूप निराळे आहे. ब्रिजभूषण काब्रा यांनी रागसंगीतासाठी ‘सुपर ४००’ गिटारच निवडली, ती मांडीवर आडवी घेतली आणि तिच्यात फेरफार केले. १९६७ मधल्या ‘कॉल ऑफ द व्हॅली’ या प्रसिद्ध ध्वनिमुद्रिकेत संतूर आणि बासरीच्या जोडीला त्यांचीच गिटार आहे. विश्वमोहन भट्ट यांची मोहनवीणा हीदेखील मुळात कमानदार गिटारच. तिला चिकारीच्या आणि तरफेच्या तारा जोडून एकूण संख्या वीसच्या घरात जाते. इतक्या तारांचा भार पातळ, सपाट पोटावर टाकायला कुठलाही कारागीर कचरेल.

भार किती, ते काढून पाहू. सहा पोलादी तारांचा एकूण ताण साधारण ७० ते ८० किलोग्रॅम वजनाइतका असतो. हा ताण तारेच्या दिशेने असतो. पण घोडीवरून जाताना तार थोडी वाकते, म्हणून त्या ताणाचा काही भाग घोडीला सरळ खाली दाबतो. तार १४ अंशांनी वाकते असे धरू. बलांचा समांतरभुज चौकोन काढला तर खालचा दाब = २ × ताण × ज्या ७°. सात अंशांची ज्या ०.१२२. म्हणजे ८० किलोग्रॅम ताणासाठी दाब होतो साडेएकोणीस किलोग्रॅम, ७० साठी सतरा. पहिलीतले एक मूल त्या पोटावर उभे आहे, आणि ते गेली ऐंशी वर्षे खाली उतरलेले नाही.

सपाट गिटारमध्ये घोडी पोटाला चिकटवलेली असते आणि तारा तिथेच अडकवलेल्या असतात. तिथे तारा घोडीला वर आणि पुढे खेचतात, म्हणून जुन्या सपाट गिटारचे पोट घोडीच्या मागे फुगते आणि पुढे खचते. कमानदार गिटारमध्ये घोडी नुसती ठेवलेली असते, तारांच्या दाबानेच जागेवर राहते. तिथे फुगण्याची भीती नाही, खचण्याची आहे. दोघींची दुखणी अशी उलट असल्यामुळे एकीचा इलाज दुसरीला लावला की नुकसान होते.

एवढा दाब पातळ लाकूड कसे पेलते? याचे उत्तर एका पोस्टकार्डाने देता येते. दोन पुस्तकांमध्ये थोडे अंतर ठेवून त्यावर पोस्टकार्ड सपाट ठेवा आणि मध्यावर नाणी रचा. दोन-चार नाण्यांतच ते वाकते. आता तेच कार्ड कमानीसारखे वाकवून दोन पुस्तकांच्या मध्ये अडकवा. कितीतरी जास्त नाणी राहतात. नाणी असतानाच एक पुस्तक हळूच बाजूला सरकवा. कमान तत्काळ बसते. कमान भाराला खाली न वाकता बाजूंना रेटा देते, आणि तो रेटा अडवणारे कुणी असेल तोवरच तिचे बळ असते. बीबी-का-मकबऱ्याच्या घुमटाखाली जाड भिंती आहेत त्या याच कारणासाठी. गिटारमध्ये या भिंतींचे काम तिच्या कडा करतात. पोट कडांना सरसाने चिकटवलेले असते. तो सांधा कुठे उसवला की सरकवलेल्या पुस्तकासारखी अवस्था होते आणि कमान बसू लागते. म्हणून जुनी कमानदार गिटार पाहताना जाणकार माणूस पोटाच्या आधी कडेचे सांधे पाहतो. बोटाच्या पेराने कडेभोवती हलके टकटक करत जायचे. चिकटलेल्या जागी आवाज भरीव येतो, उसवलेल्या जागी खडखड किंवा सैल.

सांधा उसवतो कशाने? आम्ही हा लेख छत्रपती संभाजीनगरात, म्हणजे पूर्वीच्या औरंगाबादेत बसून लिहीत आहोत, आणि इथली हवा हेच त्याचे उत्तर आहे. एप्रिलमध्ये दुपारी इथली सापेक्ष आर्द्रता वीस-पंचवीस टक्क्यांवर येते. ऑगस्टमध्ये सकाळी ती ऐंशीच्या वर असते. लाकूड मेले तरी पाणी पिणे सोडत नाही. त्याच्या पेशींच्या भिंती सेल्युलोजच्या असतात, आणि सेल्युलोजचे रेणू हवेतले पाण्याचे रेणू धरून ठेवतात. हवा कोरडी झाली की सोडतात. पंचवीस टक्के आर्द्रतेच्या हवेत लाकडात त्याच्या कोरड्या वजनाच्या सुमारे पाच टक्के पाणी राहते, ऐंशी टक्क्यांच्या हवेत सुमारे सोळा टक्के.

पाणी आत आले की पेशींच्या भिंती जाड होतात. त्यामुळे लाकूड रेषेच्या आडव्या दिशेने फुगते, उभ्या दिशेने जवळजवळ नाही. स्प्रूसची चांगली कापलेली फळी पाण्याच्या दर एका टक्क्याला रुंदीत सुमारे ०.१३ टक्के बदलते. चाळीस सेंटिमीटर रुंद पोट घेतले आणि पाण्यात दहा टक्क्यांचा फरक धरला, तर रुंदीतला फरक येतो पाच मिलिमीटरच्या थोडा वर. प्रत्यक्षात तो एवढा होत नाही. बाहेरून रोगण असते, घरातली हवा बाहेरच्यापेक्षा सावकाश बदलते, आणि लाकडाला मुरायला वेळ लागतो. पण निम्मा झाला तरी अडीच मिलिमीटर कुठल्याही सांध्याला पुष्कळ झाले. कडेच्या पट्ट्यांत रेषा लांबीच्या दिशेने असते, त्यांचा घेर बदलत नाही. पोट आकसू पाहते आणि कडा त्याला आकसू देत नाहीत. या ओढाताणीत जे कमजोर असेल ते हार मानते: सांधा, किंवा मधला जोड, किंवा एफच्या फटीच्या टोकाशी लाकूड स्वतःच.

कमानीला इथे थोडी सवलत आहे. सपाट फळीला आकसायला जागाच नसते, कमान मात्र जरा बसून आकसणे सामावून घेते आणि पावसाळ्यात पुन्हा वर येते. म्हणून उन्हाळ्यात तारा पट्टीला टेकून झणझणतात आणि पावसाळ्यात दाबायला जड जातात. वादक याला वाद्याचा लहरीपणा म्हणतात. लहर हवेची असते. वाद्य बिघडले असे समजून दर ऋतूत घोडी तासणारे लोक आहेत. घोडीचे तासलेले लाकूड परत येत नाही, आणि चार महिन्यांनी ती कमी पडते.

मराठवाड्यातल्या घरांत आणखी एक ऋतू असतो, तो कूलरचा. दुपारी खोलीतली हवा वाळवंटासारखी, संध्याकाळी कूलर सुरू झाला की दोन तासांत दमट, सकाळी पुन्हा कोरडी. निसर्गाचे वर्षाचे चक्र आपण चोवीस तासांत फिरवतो. गिटारच्या बाहेरच्या अंगाला रोगण असते, आतले अंग मात्र उघडेच असते. फटींतून शिरलेली दमट हवा आतल्या बाजूला आधी भिजवते, बाहेरची बाजू मागे राहते, आणि फळीला वाक येतो. तंबोऱ्यालाही हेच लागू आहे. कूलर ज्या खोलीत त्या खोलीत वाद्य उघडे ठेवू नये. कपाटात, खोक्यात, निदान जाड सुती खोळीत ठेवले तरी चढउतार पुष्कळ मंदावतो. आमच्या मते या गावात एवढी एक गोष्ट पाळली तर निम्मी दुरुस्ती टळेल.

आता कमान खचली आहे का ते कसे पाहायचे? गिटार डोळ्यांच्या पातळीवर, खिडकीच्या उजेडासमोर आडवी धरावी. पोटाची रेषा कडेपासून मध्यापर्यंत सलग चढत गेली पाहिजे. घोडीच्या पायाशी खळगा दिसला तर आतल्या पट्ट्या सुटल्या आहेत असा संशय घ्यावा. पोटाच्या आतून दोन लांब पट्ट्या सरसाने चिकटवलेल्या असतात, काही गिटारींत त्या फुलीसारख्या. एफच्या फटीतून दातांच्या डॉक्टरकडे असतो तसा छोटा आरसा आणि बारीक विजेरी घातली की त्या दिसतात. फटीच्या दोन काठांची उंची सारखी आहे का तेही पाहावे. घोडीकडचा काठ खाली गेला असेल तर तिथली कमान बसली आहे. मान तारांच्या ताणाने पुढे वाकते. गिब्सनच्या १९२३ च्या पेटंटनंतर तिच्यात ताण कमी-जास्त करता येणारी पोलादी सळई आली. पण अनेक स्वस्त गिटारींत ती नसते, आणि अशा वेळी वाकलेली मान सरळ करणे मोठे काम असते.

आणि एक इशारा. सगळ्या तारा एकदम काढू नयेत. घोडी नुसती ठेवलेली असल्यामुळे ती निसटते, आणि तिची नेमकी जागा हरवली की प्रत्येक सूर पट्टीगणिक चुकत जातो. आधी तिच्या पायांभोवती कागदाच्या चिकटपट्टीने खूण करावी, रोगणावर पेन्सिल चालवू नये. मग एकेक तार बदलावी.

दुरुस्तीत सर्वांत जास्त वाद्ये मरतात ती चिकटवण्याच्या पदार्थाने. जुन्या वाद्यांत जनावरांच्या कातड्या-हाडांपासून केलेला सरस असतो. तो कोरडा असताना पक्का धरतो, पण ऊब आणि ओल एकत्र मिळाली की सैल होतो. उन्हात उभ्या गाडीत वाद्य ठेवू नये ते त्यामुळे. मात्र हाच त्याचा गुणही आहे: गरम पाण्याचा हात आणि पातळ पाते घेऊन कारागीर सांधा न फोडता उघडू शकतो, आत दुरुस्ती करून पुन्हा बंद करू शकतो. बाजारातला पांढरा कृत्रिम गोंद सोपा असतो, पण सततच्या ताणाखाली तो हळूहळू सरकतो, आणि लाकडाच्या रंध्रांत बसला की नंतर तिथे सरस धरत नाही. उसवलेला सांधा वर्षभर उसवलेला राहिला तरी चालेल, तारा सैल करून ठेवाव्यात. चुकीचा गोंद भरलेला सांधा मात्र पुढच्या कारागिराला लाकूड कापूनच सोडवावा लागतो. रोगणाचेही तसेच. जुन्या रोगणावर केसासारख्या भेगांचे जाळे पडते, ते फक्त दिसायला वाईट असते. ते घासून नवे पॉलिश चढवले की वय लपते, आणि पुढच्या अभ्यासाला पुरावा उरत नाही.

एक दुखणे रसायनशास्त्राचे आहे. तीसच्या दशकातल्या गिटारींवर कासवाच्या कवचासारखी दिसणारी तपकिरी पट्टी आणि कडेची हस्तिदंती किनार बहुधा सेल्युलॉइडची असते. सेल्युलॉइड म्हणजे नायट्रोसेल्युलोज आणि कापूर. वयाने कापूर उडून जातो, नायट्रोसेल्युलोज विघटित होऊ लागते आणि नायट्रोजनची ऑक्साइडे बाहेर पडतात. ओलाव्याबरोबर त्यांचे आम्ल होते. पट्टी आकसते, तडकते, चुरा होते, आणि शेजारच्या तारा व निकेलचा मुलामा हिरवट पडू लागतो. बंद पेटीत हे अधिक वेगाने होते, कारण वाफा बाहेर जात नाहीत. जुन्या चित्रपटांच्या फिती याच कुळातल्या. २००३ मध्ये पुण्यात राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाच्या नायट्रेट फितींच्या साठ्याला आग लागून पुष्कळ दुर्मीळ फिती नष्ट झाल्या. गिटारची पट्टी एवढी धोकादायक नसते, पण सडू लागलेली पट्टी काढून वेगळ्या, हवेशीर जागी आणि ज्योतीपासून दूर ठेवावी. टाकून देऊ नये, नवी करताना नमुना म्हणून ती लागते.

हे सारे जपायचे ते जुन्या लाकडाचा आवाज चांगला असतो म्हणून का? जुन्या लाकडातले काही घटक विघटित होतात आणि ते पाणी थोडे कमी शोषते, एवढे खरे. आवाजाचे मात्र सांगता येत नाही. २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात क्लॉडिया फ्रिट्झ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एकवीस व्हायोलिनवादकांना काळे चष्मे लावून सहा व्हायोलिने वाजवायला दिली. तीन नवी होती, तीन जुन्या इटालियन उस्तादांची, त्यांतली दोन स्ट्रॅडिव्हेरीची. सर्वाधिक पसंती मिळाली ती एका नव्या व्हायोलिनला. युद्धपूर्व गिटार जपायची ती कोरण्याचे, चिकटवण्याचे आणि जाडी ठेवण्याचे जे ज्ञान तिच्यात भरले आहे त्यासाठी. ते ज्ञान पुष्कळदा कुठे लिहून ठेवलेले नसते. मिरजेच्या तंबोऱ्याच्या बाबतीत तर ते मुख्यतः हातातून हातात आले आहे. सतार आणि तंबोरा या मिरजेच्या वाद्यांना २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले, पण तबलीची जाडी कुठे किती हे अजून कारागिराचा अंगठाच सांगतो.

शाळेत गिटार नसली तरी लाकडाचा प्रयोग वर्षभर करता येतो. गावातल्या सुताराकडून एकाच फळीच्या दोन पट्ट्या कापून घ्याव्यात, दोन्ही २० सेंटिमीटर लांब, एक रेषेच्या दिशेने आणि एक रेषेला आडवी. आडवी पट्टी हातात मोडू शकते म्हणून ती बोटभर रुंद ठेवावी. दोन्हींवर रोगण लावू नये. दर महिन्याच्या पहिल्या तारखेला त्यांची लांबी व्हर्नियर कॅलिपरने मोजावी आणि वजन प्रयोगशाळेच्या तराजूवर करावे. शाळेचे कॅलिपर बहुधा १५ सेंटिमीटरपर्यंतच मोजते, म्हणून पट्टीवर १४ सेंटिमीटर अंतरावर दोन बारीक टाचण्या ठोकून त्यांच्यामधले अंतर मोजले तर बरे. त्याच दिवशी ओल्या आणि कोरड्या फडक्याच्या दोन तापमापकांनी आर्द्रता काढावी. जानेवारीत सुरुवात केली तर मेमधली कोरडी नोंद आणि ऑगस्टमधली दमट नोंद एकाच शैक्षणिक वर्षात येत नाही. त्यामुळे जूनमध्ये सुरू करून वही पुढच्या वर्गाकडे सोपवावी, आणि पट्ट्या कूलरपासून लांब, भिंतीवरच्या खिळ्याला दोऱ्याने टांगाव्यात.